एकशेवीस मिलिसेकंद

पहाटे ३:३०

बॅटऱ्या चार्जिंगला लावून झोपायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा पहिला नियम. लिथियमची बॅटरी पेटली तर सहजी विझत नाही. म्हणून उड्डाणाच्या दिवशी कुणीतरी साडेतीनला यायचं, जागं राहून त्या भरायच्या आणि जाड अग्निरोधक पिशव्यांत ठेवायच्या. आज पाळी माझी.

एचएसआर लेआउटच्या दुसऱ्या सेक्टरमधलं माझं घर ते ऑफिस, चालत सात मिनिटं. होसूर–सर्जापूर रोड ही एचएसआरमागची पूर्ण नावं, पण ती आता कुणी उच्चारत नाही. दिवसा या गल्लीत चालायला जागा नसते. आत्ता कुत्री आहेत, दुधाच्या क्रेट उतरवणारा एक टेम्पो आहे आणि फेब्रुवारीची थंडी आहे.

ऑफिस म्हणजे एका दुमजली घराचा वरचा मजला. अकरा माणसं. आम्ही यान बनवत नाही, यानाचे डोळे बनवतो. खाली येताना कॅमेऱ्यानं जमीन बघायची, लेझरनं उंची मोजायची, खड्डे आणि दगड ओळखायचे आणि पाय कुठे टेकवायचे ते ठरवायचं. ठरवणारं माणूस नव्हे, यान स्वतः. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद लागतो, परत यायला तेवढाच. खाली दगड आहे हे बंगळुरूत कुणाला दिसेपर्यंत पाय त्या दगडावर पडलेला असतो. म्हणून उतरतानाचे सगळे निर्णय आधीच, जमिनीवर बसून, "असं झालं तर तसं कर" या भाषेत लिहून ठेवावे लागतात. माझं काम त्या "असं झालं तर" ची यादी वाढवत नेणं. हुद्दा चाचणी अभियंता. सांगलीत आई सांगते, "ती यान उतरवायला शिकवते." तिनं सांगितलेलं जास्त बरोबर आहे.

४:२५

गाडी निघाली. सहा पंख्यांचा ड्रोन मागच्या सीट पाडून आडवा ठेवलाय, त्याच्या दोन्ही बाजूंना उशा. ड्रायव्हर तुमकुरूचे. गतिरोधक आला की ते स्वतःशीच "निधान, निधान" म्हणतात. हळू, सांभाळून. हा कन्नड शब्द आमच्या ऑफिसात इतका रुळलाय की संगणकातल्या सुरक्षित अवतरण पद्धतीचं नावच आम्ही "निधान" ठेवलंय.

एचएसआरमध्ये उडवायचा प्रश्नच नाही. एचएएलचा जुना विमानतळ जवळ आहे आणि वस्ती दाट. २०२१ च्या ड्रोन नियमांनी नकाशावर हिरवे, पिवळे, लाल पट्टे पाडून दिलेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक असते. आम्हाला आनेकलच्या पलीकडे हिरव्यात बसणारी एक बंद दगडखाण मिळाली. मालकानं वापरू दिली आहे आणि पोलीस ठाण्यात प्रत्येक वेळी कळवून ठेवतो.

५:३०

खाणीच्या तळाशी आमचा चंद्र आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद. करड्या एम-सँडचा थर, त्यात खणलेले लहानमोठे खड्डे, मधूनमधून दगड. पहिल्यांदा आलो तेव्हा राखणदारानं विचारलं होतं, "इदु चंद्रना?" हा चंद्र का? तेव्हापासून तोच आमच्या आधी येऊन वाळूवरचे शेळ्यांच्या खुरांचे ठसे फावड्यानं सारखे करून ठेवतो.

ही कल्पना आमची नव्हे. बंगळुरूपासून उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरे आहे. तिथल्या उल्लार्थी कावलच्या माळावर इस्रोनं चांद्रयान-२ च्या तयारीसाठी खरोखरच विवरं खणली होती आणि २०१६ मध्ये लहान विमानातून उतरण्याचे सेन्सर त्यांच्यावरून फिरवले होते. मातीचा वेगळा शोध झाला. चंद्राच्या उंच भागातल्या मातीशी जुळणारा अ‍ॅनॉर्थोसाइट हा खडक तमिळनाडूत सेलम-नामक्कलकडे सितमपुंडी आणि कुन्नमलै या गावांच्या परिसरात सापडतो. तो आणून, दळून, बंगळुरूच्या प्रयोगशाळेत चंद्रभूमी अंथरली गेली. यानाचे पाय आणि रोव्हरची चाकं तिच्यावर तपासली गेली. चंद्रावर उतरण्याआधी चांद्रयानाचा लँडर विक्रम असा कर्नाटकाच्या माळावर आणि तमिळनाडूच्या दगडावर शिकलेला आहे. उतरण्याचा दिवस सगळ्या देशानं पाहिला. या माळाला आणि या दगडालाही लोकांनी तेवढंच ओळखावं, असं मला मनापासून वाटतं.

६:५०

सूर्य खाणीच्या कडेवर आला. याच उजेडासाठी इतक्या पहाटे यायचं. सूर्य खाली असला की सावल्या लांब पडतात आणि कॅमेऱ्याला दगड त्याच्या सावलीवरून कळतो. डोक्यावर आलेल्या उन्हात खड्डासुद्धा सपाट दिसतो. चांद्रयान-३ देखील चंद्रावरच्या दिवसाच्या सुरुवातीला उतरलं. त्यामागं पुढचे चौदा दिवस ऊन मिळावं हा हिशेब होता, पण या काळात सावल्याही भरपूर असतात. शिवाय खाणीत सकाळी वारा पडलेला असतो.

पहिलं उड्डाण साधं. कॅमेरा फक्त चित्रं साठवणार, निर्णय घेणार नाही. शंभर मीटर वर, सेकंदाला दोन मीटर वेगानं खाली, शेवटच्या मीटरभरात वेग उतरवत ०.३ वर आणायचा आणि टेकायचं. टेकला. आमच्यातला नांदेडचा मुलगा पट्टी घेऊन धावला. ठरल्या जागेपासून अकरा सेंटीमीटर.

७:२०

दुसरं उड्डाण मी दोन आठवडे मनात घोळवत होते. ड्रोन सरळ खाली न येता खाणीच्या वरच्या पायरीवरून तिरका येणार. पायरीची कड ओलांडली की खालची जमीन एकदम आठ मीटर खोल जाते. लेझरचा आकडा उडी मारतो. प्रश्न असा की संगणक त्या उडीवर विश्वास ठेवील का?

हा प्रश्न विचारायला जपानच्या हाकुतो-आर यानानं शिकवलं. एप्रिल २०२३ मध्ये ते उतरत असताना एका विवराच्या उंच कडेवरून गेलं. मोजलेली उंची अचानक वाढली. संगणकाला वाटलं उंचीमापक बिघडला, आणि त्यानं खरा आकडा नाकारून स्वतःच्या अंदाजावर भरवसा ठेवला. यान चंद्राच्या सुमारे पाच किलोमीटर वर होतं आणि आपण जमिनीला टेकतोय असं समजत होतं. इंधन संपलं, ते पडलं. उतरण्याची जागा नंतर बदलली गेली होती आणि नव्या वाटेवरची ती कड सरावात पुरेशी आलीच नव्हती. सेन्सर खरं बोलत होता. तो खरं बोलत असेल तर काय करायचं, हे कुणी आधी लिहून ठेवलं नव्हतं.

आज कॅमेराही निर्णय घेणार. पायरीवरून ड्रोन सरकला, आकडा उडाला, पडद्यावर हिरवी खूण आली. उडी मान्य. मी श्वास सोडला. ड्रोननं दोन खड्डे टाळले, सपाट चौकोन निवडला, खाली आला आणि आपटला. फार जोरात नाही. पण एक पाय वाकला आणि वाळू उडाली.

"वारा आला ताई," नांदेडचा मुलगा म्हणाला.

"अक्का, वारा नव्हता," धारवाडची आमची सहकारी म्हणाली. तिच्या हातातली रेशमी फीत लोंबत होती.

नोंदवहीत मी लिहिलं: कारण अज्ञात. हे दोन शब्द लिहायला धीर लागतो, कारण त्या जागी "वारा" लिहिलं की सगळे नाश्त्याला जायला मोकळे होतात. सहज सुचलेलं कारण नोंदवहीत गेलं की खरं कारण शोधायला पुन्हा कुणी जात नाही. नव्या मुलांना सगळ्यात आधी मी हेच शिकवते.

९:४०

बोम्मनहळ्ळीच्या गर्दीत गाडी उभी. इडली-वडा गाडीतच खाल्ला. वाकलेला पाय मी मांडीवर घेऊन बसले होते. धारवाडच्या मुलीनं विचारलं, "अक्का, ड्रोन पडला की इतकं वाईट वाटतं, तर यान पडल्यावर त्यांना काय वाटत असेल?"

मी तिला मॉर्फिअसची गोष्ट सांगितली. नासाचा हा उतरण्याच्या सरावाचा लँडर ९ ऑगस्ट २०१२ ला फ्लोरिडात मोकळ्या उड्डाणासाठी उठला. काही क्षणांत त्याची दिशा आणि हालचाल मोजणाऱ्या यंत्राची माहिती तुटली. तो कलंडला, पडला, जळून गेला. त्यांनी दुसरा बांधला. शटलच्या धावपट्टीच्या टोकाशी दगड-खड्ड्यांचं मैदान केलं होतं, तिथं २०१३–१४ मध्ये तो उडत राहिला आणि स्वतः जागा शोधून उतरू लागला. त्याच्या कितीतरी आधी, ६ मे १९६८ ला, नील आर्मस्ट्राँग सरावाचं यान कलंडल्यावर त्यातून वेळेत बाहेर पडले आणि हवाई छत्रीनं वाचले. चंद्रावर उतरण्याला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होतं.

११:००

उभ्यानं होणारी रोजची बैठक. पंधरा मिनिटं. पाय वाकल्याचं सांगितलं, सुटे पाय मागवायचं ठरलं.

११:३०

टेबलावरचं यान. बाहेरच्या माणसाला हे बघून निराशा होते: लाकडी फळीवर यानात बसेल तसा संगणक, त्याला जोडलेला लेझर, समोर चंद्राची चित्रं दाखवणारा पडदा. दुसरा एक संगणक यानाला भासवत राहतो की तू उतरतोयस. रात्रीत शेकडो वेळा उतरवता येतं, एकदाही काही मोडत नाही.

मोडत नाही हीच या टेबलाची मर्यादा. इथं आपण कल्पना केलेल्याच चुका घडतात. मग खाणीत जायचंच. आणि खाणीच्या पुढे काय, हे चांद्रयान-३ च्या चाचण्यांत दिसतं. सेन्सर आणि दिशानियंत्रण हेलिकॉप्टरला बांधून उडवले, ती शीत चाचणी. इंजिनं पेटवून, सेन्सर-संगणक-इंजिन असं पूर्ण वर्तुळ जोडून तपासलं, ती तप्त चाचणी, उंच टॉवर क्रेनला टांगून. क्रेन कशाला, असं शाळेतली मुलं मला विचारतात. हिशेब सोपा आहे. विक्रमचं वस्तुमान सुमारे १,७५० किलो. त्याची चार मुख्य इंजिनं प्रत्येकी ८०० न्यूटनची, म्हणजे चारही पूर्ण जोरात चालली तरी पृथ्वीवर साधारण सव्वातीनशे किलोंचा भार उचलतील. चंद्राच्या एक षष्ठांश गुरुत्वात ती पुरतात, इथं ते यान जमिनीवरून हलणारसुद्धा नाही. तिसरी चाचणी पायांची, नकली चंद्रमातीवर वेगवेगळ्या वेगांनी आणि कोनांनी आदळवून.

त्याच चळ्ळकेरेला इस्रोनं पंखांचं यानही उतरवलं आहे. २ एप्रिल २०२३ ला वायुदलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं ते साडेचार किलोमीटर उंचीवर सोडलं आणि ते स्वतः वाट काढत धावपट्टीवर आलं. नंतर ते पुष्पक म्हणून ओळखलं जाऊ लागलं. २२ मार्च २०२४ ला त्याला मुद्दाम १५० मीटर बाजूला सोडलं, २३ जून २०२४ ला ५०० मीटर बाजूला. सरळ येणाऱ्याला दर वेळी थोडं जास्त वाकडं सोडायचं. याहून सुंदर चाचणीचा आराखडा मला माहीत नाही.

१:३०

डबा. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. घरमालकीणबाई जिन्यातून विचारतात, "ऊटा आयता?" जेवण झालं का? झालं.

२:१५

आता सकाळचा आलेख. एका रेषेवर लेझरनं सांगितलेली उंची, दुसऱ्यावर जमिनीवरून कॅमेऱ्यानं मोजलेली उंची. पहिल्या उड्डाणात दोन्ही रेषा एकमेकींवर झोपल्यासारख्या. दुसऱ्या उड्डाणातही जवळजवळ शेवटपर्यंत तशाच. शेवटी मात्र ड्रोनला वाटतंय तो वर आहे, आणि तो खाली आहे. फरक चोवीस सेंटीमीटर.

तासभर लेझरवर संशय घेतला. टेबलावर भिंतीपासून अंतर मोजून पाहिलं. लेझर निर्दोष. वाळूवर संशय घेतला, एम-सँडचा डबा आणून वरून मोजलं. वाळू निर्दोष.

मग नांदेडच्या मुलानं, ज्यानं सकाळी वाऱ्याला दोष दिला होता त्यानंच, एक रेष डावीकडे सरकवली. उंचीची नव्हे, वेळेची. दोन्ही रेषा पुन्हा एकमेकींवर बसल्या.

४:१०

कारण सापडलं. लेझर उंची मोजतो आणि आकडा संगणकाकडे पाठवतो. आकड्यावर वेळेचा शिक्का मात्र लेझर मारत नाही, संगणक मारतो, आकडा पोचल्यावर. पहिल्या उड्डाणात संगणक रिकामा होता, आकडा आला की लगेच शिक्का. दुसऱ्यात कॅमेरा दगड-खड्डे ओळखण्यात गुंतला, संगणकावर भार आला आणि लेझरचे आकडे दारात रांग लावून थांबले. आत घेतले तेव्हा ते १२० मिलिसेकंद शिळे झाले होते, आणि त्यांच्यावर ताजा शिक्का पडला. दोन मीटरच्या वेगानं १२० मिलिसेकंद म्हणजे चोवीस सेंटीमीटर. ब्रेक तेवढा उशिरा लागला. टेकताना वेग ०.३ हवा होता, जवळपास एक होता.

टेबलावर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथं आम्ही कॅमेरा आणि लेझर वेगवेगळ्या दिवशी तपासत होतो. तो दोष माझा, आराखडा मी केला होता.

पण माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या गुणाकारानं. ड्रोन हळू आहे म्हणून चूक चोवीस सेंटीमीटरची झाली, एक पाय वाकला. चांद्रयान-३ नं उतरायला सुरुवात केली ती तीस किलोमीटर उंचीवर, सेकंदाला १.६८ किलोमीटर वेगानं. त्या वेगात १२० मिलिसेकंद म्हणजे दोनशे मीटर. पहिला ब्रेकचा टप्पा ६९० सेकंदांचा. त्याच्या शेवटी, ७.४ किलोमीटरवर, वेग ३५८ मीटर. तिथं हाच उशीर त्रेचाळीस मीटरचा होतो. हळू चाचणीत मोठी चूक लहान दिसते. वाऱ्याच्या नावावर खपून जाईल इतकी लहान.

मी मुलाच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, "ताई, सकाळची नोंद मी दुरुस्त करू?" मी म्हटलं, दुरुस्त नको, खाली नवी ओळ लिही. जुनी तशीच राहू दे.

५:४४

ही वेळ घड्याळात आली की मी अजूनही क्षणभर थांबते. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ५:४४ ला विक्रमनं स्वतःच्या हाती सूत्रं घेतली आणि ६:०४ ला तो टेकला. त्या दिवशी ऑफिसात कुणी काम केलं नाही. पीन्यातल्या इस्रोच्या नियंत्रण कक्षातले चेहरे पडद्यावर दिसत होते. तिथल्या कुणाच्या हातात त्या मिनिटांत काही नव्हतं, हे आम्हाला कळत होतं. जे करायचं ते चार वर्षांत करून झालं होतं.

७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ चा लँडर पडला, ते दुःख सगळ्यांना आठवतं. त्यामागचं कारण फार थोड्यांना माहीत आहे. नंतर इस्रोचे अध्यक्ष झालेले एस. सोमनाथ यांनी ते जाहीरपणे सांगितलं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, स्थिर राहून चित्रं घ्यायच्या टप्प्यात चुका साचल्या, मग यानाला झपकन वळायचं होतं तर वळण्याच्या वेगावर संगणकात मर्यादा होती. उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर इतकी लहान, तिथं पोचायची ओढ वेगळीच. पुढच्या यानात जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय सेकंदाला तीन मीटरचा वेग सोसतील इतके भक्कम केले, जमिनीसापेक्ष वेग थेट मोजणारा लेझर बसवला. "काय काय बिघडू शकतं" तिथून आराखडा सुरू केला. आणि उतरल्यावर, ३ सप्टेंबरला, त्याच विक्रमला पुन्हा इंजिनं पेटवून सुमारे चाळीस सेंटीमीटर उचललं आणि बाजूला ठेवलं. यशानंतरही एक चाचणी. मला ती उडी खुद्द अवतरणाइतकीच प्रिय आहे.

७:००

अगर तलावाला एक फेरी. कट्ट्यावर आईचा फोन. "जेवलीस का? आज उतरलं का तुमचं?" मी सांगितलं, एक नीट उतरलं, एक आपटलं, पण का आपटलं ते कळलं. "मग बरं झालं की इथंच आपटलं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मनात आलं, या शहरात हे काम खाजगीत करायचं पहिलं मोठं धाडस टीमइंडस या कंपनीनं केलं होतं. उतरण्याच्या तंत्रासाठी त्यांना जानेवारी २०१५ मध्ये गूगल लूनर एक्सप्राइझचे दहा लाख डॉलर मिळाले. स्पर्धा ३१ मार्च २०१८ ला विजेत्याशिवाय संपली आणि त्यांचं यान चंद्राकडे गेलं नाही. आता चांद्रयान-४ मंजूर आहे, तिथली माती घेऊन परत यायचं आहे. जपानबरोबरची मोहीमही आहे. उतरणाऱ्यांची संख्या वाढणार. लहान कंपन्यांना यानाचे डोळे आणि पाय खऱ्या वेगात तपासायला चळ्ळकेरेसारखं मैदान, टांगायला क्रेन आणि भाड्यानं हेलिकॉप्टर वेळेवर मिळायला हवं. दगडखाणीत आम्ही आतापर्यंत दोन मीटरच्या वेगापर्यंत पोचलोय. बाकीच्या ३५६ मीटरसाठी सरकारनं दार उघडावं.

९:१५

बॅटऱ्या निम्म्यावर आणून पिशवीत. वाकलेल्या पायाला चिठ्ठी बांधून कपाटात, शेजारी आधीचे सहा. लेझरला स्वतःचं घड्याळ देण्याचं काम उद्या सुरू होईल.

शनिवारी पुन्हा खाण. आराखड्यात एक उड्डाण वाढवलंय: कॅमेरा चालू, वेग दोनऐवजी पाच मीटर, आणि लेझरमध्ये १२० मिलिसेकंदांचा उशीर आम्ही स्वतः घातलेला. तो संगणकाला ओळखता येतो का, ते बघायचं आहे. बॅटऱ्या भरायची पाळी नांदेडच्या मुलाची.